यंत्राची नजर आणि वैद्याची दृष्टी

रोग्याची परीक्षा कशी करावी, याविषयी आपल्या प्राचीन वैद्यकात तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात ही त्रिविध परीक्षा आढळते. दर्शन म्हणजे डोळ्यांनी पाहणे. रोग्याचा वर्ण, त्याची चाल, जीभ, डोळे, नखे यांवरून रोगाचा माग काढणे. स्पर्शन म्हणजे हात लावून पाहणे. नाडी चाचपणे, पोट दाबून पाहणे, अंगाचा दाह अजमावणे. आणि प्रश्न म्हणजे विचारपूस. भूक लागते का, झोप येते का, दुखणे केव्हापासून आहे, घरात आणखी कोणाला हाच त्रास आहे का, हे सारे आस्थेने विचारून घेणे. ज्या काळी आजच्यासारखी उपकरणे नव्हती, त्या काळी वैद्याजवळ मुख्यतः हीच साधने होती आणि ती तिन्ही त्याच्या स्वतःच्या देहाशी व बुद्धीशी निगडित होती.

या तिहींपैकी दर्शनाच्या बाबतीत आज एक मोठे स्थित्यंतर घडत आहे. रोग्याच्या शरीराची जी चित्रे क्ष-किरणांच्या किंवा अन्य उपकरणांच्या साहाय्याने घेतली जातात, ती वाचण्याचे काम आता संगणक करू लागला आहे. ज्या शक्तीला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, ती रुग्णालयाच्या दारातून आत आली आहे. काहींना या आगमनात सर्व दुखण्यांचा अंत दिसतो, तर काहींना वैद्यकातील माणुसकीचा अंत दिसतो. माझ्या मते ही दोन्ही टोके सोडून, या यंत्राला काय येते आणि काय येत नाही याचा शांतपणे विचार करणे हेच सुज्ञपणाचे होय.

मनुष्याची नजर त्वचेपाशी थांबते. तिच्या पलीकडे जाता यावे, ही वैद्यांची फार जुनी आकांक्षा. इ. स. १८१६ मध्ये पॅरिस येथील डॉक्टर रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रोग्याच्या छातीला व दुसरे आपल्या कानाला लावले, आणि हृदयाचे ठोके त्यांना पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात दिसणारा स्टेथॉस्कोप हा त्या सुरळीचाच वंशज होय. पुढे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना एका नव्या प्रकारच्या किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे बीजगणितातील अज्ञात राशीचे नावच त्यांना देण्यात आले, आणि म्हणूनच मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले. राँटजेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, तेव्हा बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी त्यात स्पष्ट उमटली. या शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नाही. १९७१ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद, कवटीला धक्का न लावता, चित्ररूपाने दाखविले. त्यानंतर चुंबकशक्तीच्या साहाय्याने चित्रे घेण्याची पद्धतही प्रचारात आली.

या सर्व उपकरणांत एक गोष्ट समान होती. उपकरण दाखवीत असे आणि मनुष्य पाहत असे. क्ष-किरणांचे चित्र प्रकाशासमोर धरून, कोणती छाया निरोगी फुप्फुसाची आणि कोणती क्षयाची, याचा निर्णय डॉक्टरांच्या डोळ्यांनाच करावा लागे. हे डोळे तयार होण्यास वर्षे लागत. हजारो चित्रे पाहावी, आपला अंदाज ज्येष्ठांना सांगावा, चुकावे, पुन्हा पाहावे, अशा अभ्यासातून ती नजर घडत असे.

नवे यंत्रही एका अर्थाने याच रीतीने शिकते. पूर्वी संगणकाला एकेक नियम सांगावा लागे. आता त्याच्यापुढे लक्षावधी चित्रे ठेवली जातात. प्रारंभी जी यंत्रे तयार झाली, त्यांना प्रत्येक चित्राबरोबर त्याचे उत्तरही द्यावे लागे. ‘हा डोळा निरोगी, हा रोगी’ असे तज्ज्ञांनी लिहून ठेवलेले असे आणि यंत्र त्यावरून भेद शिकत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारा विकार ओळखण्यास संगणकाला शिकविण्यात आले. त्यासाठी १,२८,१७५ चित्रे वापरली गेली व ती ५४ नेत्रवैद्यांकडून तपासून घेण्यात आली होती. त्यांतील काही चित्रे मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय अशा भारतीय संस्थांतून आलेली होती. ही यंत्रे कुशल होती. परंतु त्यांचे कौशल्य एकमार्गी होते. डोळा पाहणाऱ्या यंत्राला छाती पाहता येत नसे, आणि क्षय ओळखणाऱ्याला मोडलेले हाड कळत नसे.

अलीकडच्या काही वर्षांत मात्र अधिक व्यापक स्वरूपाची यंत्रबुद्धी निर्माण झाली आहे. इंग्रजीवरून आपणही तिला ‘मॉडेल’ म्हणू लागलो आहोत. ती कशी शिकते, हे विद्यार्थ्यांना सहज समजण्यासारखे आहे. तुमच्या स्वाध्यायात ‘गाळलेल्या जागा भरा’ असा एक प्रश्न असतो. वाक्यातील एक शब्द काढून टाकला तरी मागचापुढचा संदर्भ पाहून तुम्ही तो ओळखता, आणि असे पुष्कळ वेळा केले की भाषेची घडण तुमच्या अंगवळणी पडते. या यंत्रापुढेही चित्राचे काही भाग झाकून ठेवतात आणि झाकलेल्या ठिकाणी काय असेल ते ओळखण्यास सांगतात. उत्तरे लिहून देणाऱ्या तज्ज्ञाची येथे प्रारंभी गरज पडत नाही. चित्र हेच प्रश्न आणि चित्र हेच उत्तर. लंडनमधील मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली जाहीर केलेले ‘रेटफाउंड’ नावाचे मॉडेल अशा रीतीने सुमारे १६ लाख नेत्रचित्रांवर तयार झाले. डोळ्याची सर्वसाधारण घडण एकदा कळल्यावर, थोडीशी उदाहरणे देऊन त्याला निरनिराळे विकार ओळखण्यास शिकविता येते. इतकेच नव्हे, तर डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाहून हृदयविकारासारख्या अन्य दुखण्यांच्या शक्यतेचा अंदाजही ते करू शकते. याहीपुढे जाऊन, चित्र आणि भाषा ही दोन्ही जाणणारी मॉडेले आता चित्र पाहून त्याचा लेखी अहवाल तयार करतात आणि त्यावर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरेही देतात.

या शक्तीचा उपयोग कोणाला आहे? माझ्या मते तिचा पहिला अधिकारी तो रोगी, ज्याचे चित्र पाहण्यास आज कोणीच नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोगी आपल्या भारतात आहेत. छातीचे चित्र घेण्याचे यंत्र अनेक तालुक्यांच्या गावी पोहोचले आहे. परंतु ते चित्र वाचणारा तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरी असतो. चित्र आज निघते आणि त्याचा अर्थ कळण्यास दिवस लोटतात. तेवढ्या अवधीत खोकणारा माणूस घरी जातो आणि मुलाबाळांत वावरतो. अशा ठिकाणी संगणकाने काही क्षणांत ‘या छातीत संशयास्पद छाया आहे, याची थुंकी तपासा’ एवढे सांगितले तरी केवढा लाभ होईल! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, पंधरा वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींची क्षयरोगासाठी चाळणी करताना अशा संगणकीय वाचनाचा उपयोग करण्यास मान्यता दिली आहे. आणि मराठी वाचकांना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, छातीची चित्रे वाचणारी एक प्रणाली आपल्या मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्यूर एआय या कंपनीने तयार केली असून ती आज अनेक देशांत वापरली जाते.

जेथे तज्ज्ञ आहेत, तेथेही यंत्राचा उपयोग होऊ शकतो. स्वीडनमध्ये स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाची तपासणी करताना प्रत्येक चित्र दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहावे असा प्रघात आहे. तेथील ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्या स्त्रियांची चित्रे प्रथम संगणकाने पाहिली आणि कोणते चित्र एका तज्ज्ञाने व कोणते दोघांनी पाहावे हे सुचविले. परिणामी तज्ज्ञांचे वाचनाचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि तरीही कर्करोग पूर्वीच्या पद्धतीपेक्षा कमी प्रमाणात सापडले असे घडले नाही; उलट थोडे अधिकच सापडले. या उदाहरणातील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यंत्राने कामाची वाटणी केली. परंतु चित्रे पाहण्याचे काम माणसांनी सोडून दिले नाही.

एवढे लाभ पाहिल्यावर, यंत्र नको असे म्हणण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या आणि हाकेसरशी डॉक्टर मिळणाऱ्या माणसाला तरी खासच नाही. तथापि उत्साहाच्या भरात दुसरी चूक घडू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्रातील एक अग्रणी जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली असे मत मांडले होते की, क्ष-किरणांची चित्रे वाचणारे तज्ज्ञ तयार करणे आता थांबवावे; पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्रे ते काम त्यांच्याहून सरस करतील. हिंटन हे काही सामान्य विद्वान नव्हेत. २०२४ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी आहेत. तरीही त्या तज्ज्ञांची गरज संपली नाही. कित्येक देशांत त्यांचा तुटवडाच जाणवत आहे. एवढ्या मोठ्या पंडिताचा अंदाज का चुकला असावा? चित्र ओळखणे आणि रोगी जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याचे कारण मला दिसते.

यंत्र चित्र कसे ‘ओळखते’, याविषयीही सावध असले पाहिजे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका लहानशा प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग शिकवीत होतो. त्या वर्गात एक मुलगा होता. पुस्तक उघडून दिले की तो धडा घडाघडा वाचून दाखवी. मला त्याचे मोठे कौतुक वाटे. एके दिवशी धड्यावरच्या चित्रावर सहज माझा तळहात राहिला आणि मी त्याला वाचावयास सांगितले. मुलगा गप्प झाला. त्याला अक्षरे येतच नव्हती. चित्र पाहून कोणता धडा आहे हे तो ओळखी आणि पाठ झालेला मजकूर म्हणे. त्यापूर्वीच्या परीक्षेत वाचनाचे पूर्ण गुण त्याला मिळाले होते, आणि ते मीच दिले होते.

यंत्राच्या बाबतीत हुबेहूब असाच प्रकार घडलेला आहे. अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१८ साली, छातीच्या चित्रावरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीची कसून परीक्षा घेतली. ज्या रुग्णालयांची चित्रे दाखवून तिला शिकविले होते, तेथे ती उत्तम उत्तरे देई. परक्या रुग्णालयाची चित्रे दाखविताच तिचे यश पुष्कळदा उणावे. शोध घेता असे आढळले की, चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हे यंत्र जवळजवळ अचूक ओळखत होते. त्यासाठी चित्राच्या कोपऱ्यात उमटणारी धातूची खूणही त्याला पुरेशी होती. एखाद्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी अधिक येत असतील, तर फुप्फुसाकडे न पाहता केवळ त्या खुणेवरून उत्तराचा अंदाज बांधता येतो. माझ्या वर्गातल्या मुलाने याहून निराळे काय केले होते? दोष त्या मुलाचा नव्हता आणि यंत्राचाही नाही. ज्याने तळहात ठेवून पाहिले नाही, त्या परीक्षकाचा तो दोष होय.

प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले यंत्र प्रत्यक्ष व्यवहारात कसे अडखळते, याचेही एक उदाहरण आहे. डोळ्यांच्या चित्रांवरून मधुमेहाचा परिणाम ओळखणारी एक पद्धत थायलंडमधील ११ दवाखान्यांत वापरून पाहण्यात आली व त्या अनुभवाचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध झाला. परिचारिका चित्रे घेत आणि यंत्राकडे पाठवीत. पहिल्या सहा महिन्यांत पाठविलेल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे यंत्राने स्वीकारलीच नाहीत. कारण अपुऱ्या उजेडामुळे ती पुरेशी स्पष्ट आली नव्हती. ज्यांची चित्रे नाकारली गेली, त्यांना पुन्हा दुसऱ्या दिवशी दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळाला. काही ठिकाणी आंतरजालाची गती इतकी मंद होती की, रोग्यांची रांग खोळंबून राहिली. खोलीत उजेड किती आहे, वीज टिकते की नाही आणि रोजगार बुडवून आलेल्या माणसाला पुन्हा येणे परवडेल का, हे प्रश्न यंत्राच्या परीक्षेत विचारले गेले नव्हते. आपल्या ग्रामीण दवाखान्यांत ही साधने आणताना हा धडा विसरता कामा नये.

शिक्षक या नात्याने मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती आणखी एका गोष्टीची. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्ता दिली गेली. पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकेल अशा गाठी ती त्यांना पडद्यावर दाखवीत असे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, ही मदत सुरू झाल्यानंतर तेच डॉक्टर जेव्हा यंत्राविना तपासणी करीत, तेव्हा अशा गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले होते. एका पाहणीवरून अखेरचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तरीही हे वाचून कोणत्याही शिक्षकाला आश्चर्य वाटणार नाही. गणकयंत्र हाती आल्यावर पाढे विसरलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि तयार उत्तरांची पुस्तके विकत घेतल्यावर प्रश्न वाचण्याचाही कंटाळा करणारी मुलेही पाहिली आहेत. जे डोळे स्वतः पाहण्याचे सोडतात, ते हळूहळू मंद होतात. आज यंत्रावर लक्ष ठेवणारे अनुभवी डॉक्टर आहेत. कारण ते यंत्राविना शिकले. उद्याच्या डॉक्टरने प्रारंभापासून यंत्राच्याच बोटाला धरून चालावयाचे ठरविले, तर यंत्र वाट चुकले आहे हे त्याला कोण सांगणार?

आणि यंत्र वाट चुकते. भाषा जाणणारी मॉडेले इतके सफाईदार लिहितात की, त्यांचे चुकीचे विधानही बरोबर विधानाइतकेच ठाम भासते. चित्रात नसलेली गोष्ट अहवालात उतरल्याची उदाहरणे संशोधकांनी नमूद केली आहेत. माणूस साशंक असला की त्याचा स्वर अडखळतो, तो थांबतो, शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो. यंत्राचा स्वर मात्र तसा अडखळेलच याची शाश्वती नाही. शिवाय चूक झाल्यावर जाब कोणाला विचारावयाचा? डॉक्टर चुकला तर त्याला कायदा आहे, त्याच्या व्यवसायाचे नियम आहेत, आणि या सर्वांहून मोठी अशी त्याची सदसद्विवेकबुद्धी आहे. आपल्या चुकीने एखादा रोगी दगावला तर त्याची झोप उडते. यंत्राची झोप कधी उडत नाही.

आता प्रारंभी सांगितलेल्या तीन परीक्षांकडे पुन्हा वळू. समजा, ऊसतोडणीचे काम करणारा एक मजूर खोकला घेऊन दवाखान्यात आला. त्याच्या छातीचे चित्र निघाले आणि संगणकाने क्षयाची शंका अचूक वर्तविली. येथवर दर्शन झाले आणि ते उत्तम झाले. थुंकीच्या तपासणीत रोग निश्चित झाला, औषधही सुरू झाले. क्षयाचे औषध साधारणतः सहा महिने न चुकता घ्यावे लागते. मध्येच सोडल्यास रोग उलटतो आणि पुढे नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही. परंतु हंगाम सुरू होताच हा मजूर आपली टोळी, बैलगाडी आणि बायकामुले घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या पट्ट्यात जाणार आहे, हे छातीच्या चित्रात कोठे लिहिलेले असते? ते त्याला विचारावे लागते. आणि विचारले म्हणजे तो लगेच सांगतोच असे नाही. उचल घेतलेली असते, मुकादमाचा धाक असतो, रोगाचे नाव बाहेर फुटल्यास टोळीतून काढतील अशी भीती असते. खांद्यावर हात ठेवून, दोन घटका जवळ बसून, ‘तुम्ही कोठे जाणार, तेथे औषध मिळण्याची सोय आपण करू’ असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हाच त्याच्या तोंडून खरे उत्तर निघते. हेच स्पर्शन आणि हाच प्रश्न. येथे चूक झाली, तर अचूक दर्शनही वाया जाते आणि माणूस हातचा जातो.

म्हणून माझे मत असे आहे की, यंत्राला वैद्याचा दुसरा डोळा मानावे. त्याला अखेरचा शब्द मात्र देऊ नये. यासाठी काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली ही की, परदेशातील लोकांच्या चित्रांवर शिकलेले यंत्र आपल्या रोग्यांवर, आपल्याच दवाखान्यांत आणि आपल्याच उजेडात तपासून घेतल्याविना वापरू नये. दुसरी ही की, प्रत्येक निदानाखाली एका जबाबदार माणसाची सही असावी, आणि ती सही चित्र व रोगी या दोहोंना पाहूनच केलेली असावी. तिसरी ही की, वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपले मत आधी लिहावे आणि यंत्राचे मत नंतर वाचावे, म्हणजे यंत्र त्याचा सहाध्यायी होईल, कुबडी होणार नाही. चौथी ही की, रोग्याची चित्रे ही त्याची ठेव आहे. तिचा उपयोग करताना त्याची संमती व त्याची गुप्तता सांभाळली जावी.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्रामुळे डॉक्टरांचा जो वेळ वाचेल, तो जाणार कोठे? तो वेळ अधिक चित्रे, अधिक रोगी आणि अधिक मिळकत यांतच खर्ची पडला, तर रोग्याच्या पदरी काय पडले? आज दवाखान्यात तासन्‌तास थांबलेल्या माणसाला डॉक्टरांपुढे दोन मिनिटेही मिळत नाहीत, असे अनेकदा घडते. यंत्राने दर्शनाचा भार हलका केला, तर तो वाचलेला वेळ स्पर्शनाला आणि प्रश्नाला मिळाला पाहिजे. तो रोग्याचा हक्क आहे.

अशा बंधनांनी विज्ञानाची वाट अडते असे कोणी म्हणेल. इतिहास निराळे सांगतो. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर लोकांना त्यांचे इतके वेड लागले की, काही देशांत पादत्राणांच्या दुकानांतूनही गिऱ्हाइकांचे पाय त्या किरणांनी पाहू लागले. त्या किरणांपासून होणारी इजा मात्र पुरती ध्यानात आली नव्हती. थॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे या किरणांवर प्रयोग करताना गंभीर इजा होऊन १९०४ साली मरण पावले. अनेक आरंभीच्या संशोधकांनी बोटे गमावली. पुढे मात्रा ठरली, शिशाचे संरक्षण आले, नियम झाले. नियमांनी क्ष-किरण संपले नाहीत. उलट नियमांमुळेच ते ठिकठिकाणच्या दवाखान्यांत निर्धास्तपणे येऊ शकले. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही आपल्या घरात यावयाचे असेल, तर तिने उंबऱ्यावर पाय धुऊनच आत यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील आणि काही जण अशी यंत्रे घडवतील. जो यंत्र घडवील, त्याने वर्गातल्या त्या मुलाची गोष्ट स्मरणात ठेवावी आणि आपल्या यंत्रापुढील चित्रावर वारंवार तळहात ठेवून पाहावा. जो डॉक्टर होईल, त्याने यंत्राचा अहवाल अवश्य वाचावा; परंतु त्याआधी समोर बसलेल्या माणसाकडे मान वर करून पाहावे, त्याचे मनगट हाती घ्यावे आणि विचारावे, “बाबा, काय होतंय तुम्हांला?” राहता राहिले आपण सगळे. केव्हा ना केव्हा आपणही रोगी म्हणून त्या दवाखान्यात बसणार आहोत. तेव्हा आपले चित्र यंत्राने वाचले म्हणून आपले काही बिघडणार नाही. आपल्याला तो प्रश्न विचारणारे तेथे कोणी असावे, एवढी व्यवस्था मात्र आपण आजच मागितली पाहिजे.